बंद गाडीचं गरम बॉनेट

आधी जनाआत्याचं नाव लिहितो, मग बाकीचं. ती माझी सख्खी आत्या नाही. माझं गाव किनवटच्या बाजूचं, तिचं सगळं आयुष्य मानपाड्यात गेलं. आमची जात वेगळी, बोली वेगळी, जेवण वेगळं. तिच्या घरी सुकटीचा वास आला की सुरुवातीला मी नाक दाबायचो आणि ती हसायची. पण डोंबिवलीत मी आज माणूस म्हणून उभा आहे तो तिच्यामुळे, एवढं आधी सांगून टाकलं म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा.

आठवीत शाळा सुटली. मग गावच्या एका ड्रायव्हरच्या ओळखीने इकडे आलेलो. ज्या उस्तादाकडे काम शिकलो त्याचं गॅरेज रस्ता रुंद करताना गेलं आणि तो त्याच्या मुलखात निघून गेला. माझ्याकडे पान्यांची एक पेटी आणि झोपायला जागा नाही. जनाआत्याच्या घराशेजारी जांभळाचं झाड आणि मोकळी जागा होती. मी तिथे एका माणसाची गाडी उभ्या उभ्या दुरुस्त करत होतो. ती बाहेर आली. मला वाटलं हाकलणार. ती म्हणाली, "उन्हान कनाला मरतंस? झाराखाली घे ना गारी." आत्याच्या बोलीत गाडीची गारी होते, झाडाचं झार होतं, कशालाचं कनाला होतं. तेव्हापासून मी त्या झाराखाली आहे.

आणखी एक. पहिल्याच वर्षी एका गिऱ्हाइकाच्या गाडीतली बॅटरी चोरीला गेलेली. चार माणसं जमली, परका पोरगा म्हणजे चोर हे त्यांचं ठरलेलं. माझी पेटी उचकटायला लागले. आत्या मासळी साफ करत होती, तशीच कोयता हातात घेऊन आली. "त्याची पेटी नंतर खोला. आधी माजं घर खोला, तो जेवतो माज्या घरान." कोणी घर खोललं नाही. पेटीही नाही.

हे मी विसरू शकत नाही.

आता धंद्याचं. गॅरेजवाल्याला लोक सगळ्यात जास्त विचारतात तो प्रश्न इंजिनाचा नसतो. तो असतो, "ठेवू की काढू?" जुनी गाडी दुरुस्त करावी की नवी घ्यावी. बाहेरच्यांना वाटतं आम्ही इंजिन ऐकून सांगतो. इंजिनाचं काय, इंजिन परत बांधता येतं. मी आधी खाली वाकून पत्रा बघतो. आमच्याकडे खाडीची हवा, पावसात तुंबलेलं पाणी, त्यात कंपन्यांचा धूर. गाडी वरून चकाचक असते आणि पायाखालचं मॅट उचललं की रस्ता दिसतो. पत्रा सडला की मी म्हणतो, काढा. मग मालकाचं तोंड बघतो. तोंडावर सुटका दिसली तर त्याला काढायचीच होती, फक्त कोणीतरी बोलायला हवं होतं. तोंड पडलं, तर मी म्हणतो, "बघू, वेल्डिंग होतंय का." अर्धा निर्णय गाडीखाली असतो, अर्धा मालकाच्या तोंडावर.

मी भित्रा माणूस आहे, हेही सांगतो. गाडी दिली की गिऱ्हाइकाला घरी पोचल्यावर फोन करायला सांगतो. ब्रेकचं काम केलं असेल तर जेवण जात नाही. मित्र चिडवतात, "दत्ता, तू मेकॅनिक कमी आणि आई जास्त आहेस." खरं आहे. पोटात सदान्‌कदा एक गोळा असतो. लांबून आलेल्या माणसाच्या पोटात तो असतोच बहुतेक. काही बिघडलं तर धावून येणारं इथे कोण आहे, असा तो गोळा.

माझा उस्ताद म्हणायचा, "गाडी में भूत नहीं होता, वायर होता है." मी हे वाक्य जपून ठेवलेलं, भित्र्या माणसाला उपयोगी पडतं. एकदा नौपाड्यातल्या एक बाई आल्या, निवृत्त शिक्षिका. मी त्यांना लेलेबाई म्हणतो. त्यांची तक्रार अशी की स्मशानाकडच्या वळणावर गाडी आपोआप हॉर्न देते. फक्त तिथेच. मिस्टर जाऊन सहा महिने झालेले, त्यांना तिथेच नेलेलं. बाई शांतपणे सांगत होत्या, माझ्याच अंगावर काटा. मी त्यांच्याबरोबर गेलो. खरंच, वळण घेतलं आणि हॉर्न वाजला, छोटासा, ओळखीच्या माणसाला देतात तसा. गाडी बाजूला घेऊन स्टिअरिंग खोललं. हॉर्नचा कॉन्टॅक्ट झिजलेला, पूर्ण डावीकडे फिरवलं की टेकायचा. त्यांच्या रोजच्या रस्त्यावर तेवढं एकच वळण असं तीव्र होतं.

"म्हणजे नुसती वायर?" बाई म्हणाल्या.

"हो बाई, काळजीचं काही नाही."

मी खूश. पुढच्या महिन्यात त्यांनी गाडी विकली. चांगली गाडी होती, अजून खूप चालली असती. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

मोहने गावातले एक काका होते, त्यांची गोष्ट वेगळीच. कारखाना बंद पडला तेव्हापासून त्यांची गाडी घरासमोर उभी. चारही टायर बसलेले. दर रविवारी नवरा-बायको आंघोळ करून, चांगले कपडे घालून गाडीत बसायचे. काचा वर, हातात डबा. जेवायचे आणि उतरायचे. मला बोलावलेलं ते गाडी चालू करायला नाही, आतला दिवा लागत नव्हता म्हणून. मी म्हटलं, "काका, इंजिन बघू का?" काकू घाईने म्हणाल्या, "नको नको, जायचंय कुठे?" मी दिवा लावून दिला. निघताना मागे बघितलं, तर दोघं आत बसून माझ्याकडे बघत होते, प्रवासाला निघालेली माणसं बघतात तसे. मी हात केला. त्यांनीही केला.

अशा गाड्या बघितलेल्या. तरी आत्याच्या गाडीने मला जे दाखवलं त्याची तयारी नव्हती.

आत्याचे यजमान म्हणजे नामदेवशेठ. जमिनी गेल्या तेव्हा आलेल्या पैशांत आळीतल्या सगळ्यांनी मोठमोठ्या गाड्या घेतल्या. शेठनी घेतली जुन्या घडणीची चौकोनी पेट्रोल गाडी, दुधाच्या सायीच्या रंगाची, तीही कोणाची तरी वापरलेली. चावी डॅशबोर्डच्या मधोमध. शेजारी चोकची दांडी. चोक म्हणजे थंड इंजिनला सुरुवातीला जास्त पेट्रोल पाजायची सोय, नव्या गाड्यांत ती दांडी नसते. शेठ रोज पहाटे गाडी गरम करायचे. कुठे जायचं असो नसो. आमची अख्खी आळी त्या आवाजाने उठायची. शेवटची काही वर्षं त्यांच्या उजव्या हातातलं बळ गेलेलं. तेव्हा ते नुसते स्टिअरिंगसमोर बसायचे आणि डावीकडच्या सीटवरून आत्या हात लांबवून चोक ओढायची, चावी फिरवायची. "आज तुना माहेरी नेतंव," असं शेठ रोज म्हणायचे. तिचं माहेर टिटवाळ्याच्या पलीकडे, लांब नाही. पण हात तसा झालेला, कुठे नेणार. इंजिन गरम व्हायचं, मग बंद करून दोघं चहाला घरात.

शेठ गेले. गाडी घराला चिकटून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. शेडला पुढून शटर, आतून स्वयंपाकघराचं दार. मुलगा रूपेश बाजूला बांधलेल्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर गेला. आत्या जुन्या कौलारू घरातच. "मना लिफ्टन गुदमरतं," म्हणायची.

वर्ष उलटून गेलेलं. एक दिवस रूपेश सकाळी माझ्याकडे आला. "दत्तादा, बाबांच्या गाडीचं पासिंग संपलंय. एकतर सगळं करून नव्याने पासिंग करू, नाहीतर स्क्रॅपला देऊ. आई माझं ऐकणार नाही, तुझं ऐकेल. तू बघ आणि सांग. तू बोलशील ते फायनल."

मला बरं वाटलं, आणि भीतीही वाटली. आत्याच्या गाडीचं मी सांगायचं.

आम्ही शटर वर केलं. आतून कोंदट, उबदार हवा आली. मी सवयीने बॉनेटवर हात ठेवला, आणि काढला.

"काय झालं?" रूपेश.

"गरम आहे."

"उन्हानं असेल."

"शेड बंद होती रूपेश. आणि ऊन आलंय कुठे अजून?"

त्याने हात ठेवला. त्याचा चेहरा उतरला. चावी घरात शेठच्या हार घातलेल्या फोटोखाली खिळ्याला टांगलेली, ती आम्हाला दारातून दिसत होती. गाडी कोणी चालवत नव्हतं. रूपेशचे दोन्ही मुलगे शाळकरी, त्यांना ती जुनी गाडी दाखवायलाही लाज वाटायची. मी खाली वाकलो. गाडीखाली तीन-चार पाली मरून पडलेल्या, उताण्या. कुठे मार नाही, जखम नाही.

दुसऱ्या दिवशी परत बघितलं. परत गरम.

रूपेशची बायको कविता गॅलरीतून बघत होती. खाली आली नाही. वरूनच म्हणाली, "भाऊजी, मी कोणाला बोलले नव्हते. पहाटे मला झोपेत गाडी चालू झाल्याचा आवाज येतो. मी म्हटलं, कानाला सवय आहे बाबांची. म्हणून परत झोपते."

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून."

रूपेश म्हणाला, "मी एक भगत ओळखतो. नाहीतर डायरेक्ट भंगारवाला बोलावतो. आजच."

मी त्याला थांबवलं. वायर असणार, मी स्वतःला सांगत होतो. पण वायरने बॉनेट गरम झालं असतं तर बॅटरी उतरली असती. बॅटरी तर ठणठणीत होती.

आत्या अंगणात तुळशीपाशी बसलेली. डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, सकाळी तिचं डोकं दुखायचं हल्ली. चेहरा मात्र लालसर, तकतकीत. शेजारणी म्हणायच्या, शेठ गेल्यावर खंगेल वाटलेलं, उलट उजळली. मी तिच्याजवळ बसलो.

"आत्या, गाडी कोण चालू करतं?"

"मना क म्हायत."

"आत्या."

तिने इकडेतिकडे बघितलं. रूपेश वर गेलेला. मग लहान मुलीसारखं हसून म्हणाली, "शेठ बोललं, कुनाला सांगू नको. तू कुनाला सांगशील?"

"नाही."

"शेठ येतान. पहाटं."

मी शेडच्या शटरकडे बघितलं.

"मी चोक खेचतंय, चावी फिरवतंय. थोरा वेल काय नाय. मंग ते बसतान येऊन त्यांचे जागेव. जुनाट सदरा घालून. हात बी बरा झायलाय त्यांचा." तिने स्वतःचा उजवा हात वर करून बोटं उघडमीट करून दाखवली. "माहेरी नेतंव बोलतान."

"पेट्रोल कुठून येतं?"

"रिक्षावाला देतंय आनून, बाटलीन." ती माझ्यावर चिडली. "तुना पेट्रोलचं परलंय?"

मग म्हणाली, "उद्या ये तू. मागं बस. तुना बगून शेठना बरा वाटंल."

मी गेलो. का गेलो असं लोक विचारतात. तिने बोलावलेलं म्हणून गेलो.

पहाटेचा उजेड नुकता फुटत होता. मानपाड्यात त्या वेळी कंपन्यांचा वास असतो, आम्हा लोकांना तो ओळखीचा आहे. कधी सडक्या कोबीचा, कधी औषधाचा, कधी नुसती नाकात चुरचुर. पहाटे वारा पडलेला असतो तेव्हा जास्त. इथे जन्मलेली माणसं वास आला की पहिलं खिडक्या लावतात, बाहेरून येणारी चहा टाकतात आणि विचारतात, कसला वास? मी आतल्या दाराने शेडमध्ये शिरलो तर आत्याने माझ्यामागे दार लावून घेतलं आणि दाराखाली जुनं लुगडं कोंबलं. शटरच्या खालीही चिंध्या होत्या, बाजूच्या फटींत फोम, पत्र्यांच्या सांध्यांत कागदाचे बोळे. पावसाळ्यात वासाने फार छळलं तेव्हा तिने सगळं स्वतः बुजवलेलं.

"कंपनीचा वास आत नको यायला," ती म्हणाली. "शेठना सोसत नवता."

ती डाव्या सीटवर बसली. मी मागे. पुढची उजवी सीट रिकामी. त्या सीटवर शेठच्या पाठीचा खड्डा अजून होता, रेक्झिनला पडलेला. आरशाला दसऱ्याच्या झेंडूची वाळकी माळ. आत्याने हात लांबवला, चोक ओढला, चावी फिरवली. इंजिन एका फटक्यात चालू. मला त्याही वेळी कौतुक वाटलं.

ती बोलायला लागली. रिकाम्या सीटशी. कविताने भाजीत मीठ जास्त टाकलं. रूपेश रागावतो. दत्ता आलाय बघा. मध्येच थांबायची, ऐकायची, हसायची. मी सीटच्या मागच्या बाजूकडे बघत बसलो. इंजिन एका लयीत चालत होतं. ऊब वाढली. कपाळावर कोणी हात दाबून ठेवावा तसं जड वाटलं, पण वाईट नाही.

मग पुढच्या सीटची स्प्रिंग वाजली. बसणाऱ्या माणसाच्या वजनाने वाजते तशी. आणि माझ्या बाजूची सीटही खाली गेली.

मी मान वळवली नाही. वळवावीशी वाटली नाही. माझ्या डाव्या कानाशी कोणी म्हणालं, "गोटू, आलास का बा?"

गोटू हे माझं घरातलं नाव. माझा बाप सोडून ते कोणी वापरत नव्हतं, आणि तो जाऊन किती वर्षं झाली. तो गेला तेव्हा मी गाडीत बसून पोचेपर्यंत गावाने उरकलेलं. मानपाड्यात मी कायम दत्ता. बायकोलाही हे नाव सांगितलं नव्हतं, का ते माहीत नाही. ठेवलेलं माझ्यापाशी.

मी म्हणणार होतो, आलो. इतकं बरं वाटत होतं. अंग हलकं, पाय कुठे आहेत कळत नव्हतं. आणि एकाएकी लक्षात आलं की पोटातला गोळा नाही. इकडे आल्यापासून एक दिवस तो सुटला नव्हता, आणि आता तो नव्हता. मला कसलीच भीती वाटत नव्हती.

त्याचीच मला भीती वाटली.

हात दाराच्या कडीपर्यंत न्यायला मला जेवढं बळ लागलं तेवढं इंजिन उतरवायलाही लागत नाही. दार उघडलं आणि मी खाली पडलो, पालींच्या शेजारी. सरपटत शटरपाशी गेलो, चिंध्या ओढल्या, शटर खांद्याने वर ढकललं. बाहेरची हवा आली, कंपनीच्या वासाची. तो वास कधी एवढा गोड लागला नव्हता. परत आत जाऊन चावी बंद केली आणि आत्याला काखेत धरून ओढत अंगणात आणलं. ती मला मारत होती, बळ नसलेल्या हातांनी.

"कनाला खेचलंस? बोलत होते ते! बोलत होते!"

मग ती ओकली. मीही ओकलो. रूपेश बनियनवर धावत आला.

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. डॉक्टर रूपेशला म्हणाल्या, "अजून काही दिवस असंच चाललं असतं तर त्या एका सकाळी उठल्याच नसत्या. धुरातल्या या वायूला वास नसतो, रंग नसतो. माणसाला भास होतात, झोप येते, आणि ती झोप संपत नाही."

मग मी गाडीखाली गेलो. सगळं तिथे लिहिल्यासारखं होतं. इंजिनाकडून येणारा सायलेन्सरचा पाइप जोडावर खाऊन गेलेला. बरोबर त्याच्या वर पत्रा सडून तळहाताएवढं भोक, त्यावर शेठनी कधीतरी घातलेलं मॅट. थंड इंजिन, ओढलेला चोक, म्हणजे अर्धं जळलेलं पेट्रोल. तो सगळा धूर गाडीच्या आत. आणि शेड बाहेरून नाही, आतून बुजवलेली. शेठच्या वेळी शटर अर्धं वर असायचं. कंपनीचा वास बाहेर ठेवायला आत्याने फटी बुजवल्या आणि गाडीचा धूर आत कोंडला. शेठ यायला लागले ते त्या फटी बुजल्यावर. भूत नाही. वायरही नाही. चार चिंध्या.

रूपेश म्हणाला, "आता तरी भंगारात घालू ना?"

धंद्याच्या नियमाने काढायलाच हवी होती. पत्रा गेलेला, असली गाडी मी दुसऱ्या कोणाला ठेवायला सांगितली नसती. पण मी आत्याच्या तोंडाकडे बघितलं. ती दवाखान्यातून येऊन ओट्यावर बसलेली, शेडकडे बघत. मला लेलेबाई आठवल्या. वायर जोडून मी तेव्हा काय तोडलं ते मला त्या ओट्यासमोर कळलं.

"ठेवू," मी म्हटलं.

"वेडा झालास का दत्तादा? ती परत बसेल त्यात!"

"बसू दे. बसण्याने कोणी मरत नाही. शेड काढ तू."

आम्ही शेड पाडली. गाडी जांभळाखाली आणली, माझ्या डोळ्यांसमोर. सगळा खालचा पत्रा कापून नवा वेल्ड केला, सायलेन्सर पुढून मागपर्यंत नवा बसवला, कार्बुरेटर धुऊन लावला. असं काम मी आयुष्यात केलं नाही. एकही सांधा सुटला नाही, दिवा लावून, साबणाचं पाणी टाकून बघितला. पुन्हापुन्हा बघितला, माझा स्वभाव. एका बुडबुड्याएवढाही धूर आत जात नव्हता. पासिंगही झालं.

पहिल्या पहाटे आत्या आली, साडी नीट नेसून. काचा खाली होत्या. रूपेश आणि कविता ओट्यावर, मी झाडापाशी. तिने चोक ओढला, चावी फिरवली. इंजिन इतकं शांत चाललं की जांभळावरच्या पाखरांचा आवाज ऐकू येत होता. ती रिकाम्या सीटकडे तोंड करून बसली. बसली ती बसलीच. इंजिन गरम झालं, चोक आत ढकलायची वेळ झाली, तिने ढकलला. उजेड अंगणभर पसरला.

मग तिने चावी बंद केली.

"नाय आयले," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "एवढा बेस काम कनाला केलंस रं दत्ता?"

मी बॉनेट उघडून उगाच आत बघत राहिलो.

ती अजून रोज बसते. आवाज आता हलका, तरी आळी परत त्यानेच उठते. चालवायच्या सीटवर ती कोणाला बसू देत नाही, रूपेशलाही नाही. गाडी हलवायची झाली तर मी बाहेरून ढकलतो. डोकं दुखायचं थांबलंय तिचं. चेहऱ्यावरची ती लाली मात्र गेली. एकदम म्हातारी दिसते. कोणाला सांगायचं, की तुमचा जीव वाचवला तो असा?

आणि एक गोष्ट राहते, ती मी रूपेशला सांगितलेली नाही. साधारण महिन्याने मी पंक्चर काढत बसलेलो. आत्या कपबशी घेऊन आली. चहा ठेवला, आणि सहज विचारावं तसं म्हणाली, "गोटू कोन रं?"

मी पाना खाली ठेवला.

"कुठे ऐकलंस?"

"तुजे बाजूला म्हातारा बसलेला ना, त्या दिवशी. धोतर नेसलेला. कानाव केस. तो हाक मारत होता. मी बोलले, शेठ, यो कोन? शेठ बोलले, दत्ताचा बाप हाय, लांबून आयलाय."

माझ्या बापाच्या कानांवर केस होते. आम्ही लहानपणी ओढायचो.

मी यावर खूप विचार केलाय. धुराने माझी शुद्ध हरपत होती, मीच ते नाव मोठ्याने बोललो असेन. तिने ऐकलं असेल. कानावर केस असलेले म्हातारे पुष्कळ असतात. धोतर तर सगळेच नेसायचे. असं सगळं जोडलं की जुळतं, सायलेन्सरच्या सांध्यासारखं. मग पहाटे तिचं इंजिन चालू होतं आणि मी अंथरुणात पडून ऐकतो, आणि कुठून तरी थोडासा धूर आत येतोच.

आत्या हे वाचणार नाही, तिला वाचता येत नाही. हे दिवाळी अंकात आलं की कविता वाचून दाखवेल तिला. तर कविता, हे शेवटचं तिला सावकाश वाचून दाखव. आत्या, तू मला झाडाखाली घेतलंस, जेवू घातलंस, माझ्यासाठी कोयता घेऊन उभी राहिलीस, आणि मी तुझा माणूस तुझ्यापासून नेला. त्याची भरपाई माझ्याकडे नाही. पण शेठचा एक शब्द राहिलाय, तो मी पुरा करीन. ज्या दिवशी तू त्या सीटवर मला बसू देशील, त्या दिवशी तुला टिटवाळ्याच्या पलीकडे, माहेरी नेईन. तू तुझ्या डाव्या जागेवर. चोक तूच ओढ. मागची सीट मी झाडून, पुसून ठेवीन, कोणाला यायचं असेल तर येऊ दे.

काचा मात्र चारही खाली असतील.